काठापलीकडची म्हातारी

थोरलीने काठाचा नियम लिहिला तो खरं तर नाइलाजाने. मालिका नवी होती. अंतराळयान एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर हिंडणार हे ठरलं होतं. पण ग्रहावर माणसं दाखवायची तर कलाकार हवेत, कपडे हवेत, झोपड्या हव्यात, आणि निर्मात्याचा हात आखडता. तेव्हा तिने कॅप्टनच्या तोंडी एक वाक्य घातलं : "ज्यांना अजून बरीच वाट चालायची आहे, त्यांना आपण काठावरून बघायचं. पाण्यात पाय घालायचा नाही." यान वरच थांबलं, पडद्यावर दुरून चार ठिपके हलताना दिसले, आणि निर्मात्याने सुटकेचा निःश्वास टाकला.

लोकांनी मात्र ते वाक्य डोक्यावर घेतलं. ऑफिसात दोघं भांडायला लागले की तिसरा हात वर करून म्हणायचा, "काठाचा नियम बरं का!" सासू सुनेच्या पातेल्यात डोकावली की सासरेबुवा पेपराआडून तेच म्हणायचे. थोरलीला कॉलेजांतून भाषणांची बोलावणी येऊ लागली. पुढारलेल्या लोकांनी मागे राहिलेल्यांच्या वाटेला जावं का, औषध द्यावं का, दिलं तर त्याबरोबर आणखी काय काय देऊन बसू, यावर ती तासभर बोलायची आणि टाळ्या घेऊन घरी यायची. बोलता बोलता तिचाच त्या नियमावर विश्वास बसला. मालिकेतली कॅप्टन कधी नियम मोडायची आणि पस्तावायची, कधी पाळायची आणि रडायची. प्रेक्षक दोन्ही वेळा खूश.

आणि धाकट्याला, म्हणजे तिच्या पाठच्या भावाला, वनखात्यात नोकरी लागली ती नेमकी नदीकाठच्या चौकीवर.

नदीपलीकडच्या जंगलात थोडी माणसं राहत होती. त्यांना बाहेरच्या जगाशी काही देणंघेणं नको होतं. पूर्वी कुणी जवळ गेलं की ती दगड मारून पिटाळायची. शेवटी सरकारनेच ठरवलं, की त्यांना त्यांच्या जागी सुखाने राहू द्यावं. आपली साधी सर्दीसुद्धा त्यांच्या अंगाला सोसायची नाही, असं डॉक्टर सांगत. म्हणून अलीकडच्या काठावर चौकी, चौकीत दोन रक्षक, आणि काम एकच : इकडचं कुणी तिकडे जाऊ द्यायचं नाही. फोटो काढायचे नाहीत, हाका मारायच्या नाहीत, वस्तू टाकायच्या नाहीत.

"म्हणजे तू माझ्याच मालिकेत कामाला लागलास की रे," थोरली म्हणाली होती.

"हो, पण तुझ्या कॅप्टनला एसी आहे," धाकटा म्हणाला. "मला डास आहेत."

सुट्टीवर आला की पलीकडच्यांबद्दल तो शेजारपाजारच्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलायचा. एक लंगडी बाई होती, ती मासे मारायची आणि एकही हातचा जाऊ द्यायची नाही. एक म्हातारी होती. ती रोज सकाळी पाणी भरायला यायची, धाकट्याला बघून मूठ उगारायची आणि कमरेवर हात ठेवून त्याची यथेच्छ खरडपट्टी काढायची. तो उलट तिला सलाम ठोकायचा.

"काय म्हणते कळत नाही," धाकटा सांगायचा, "पण सूर अगदी आईचा."

"मग बरोबरच बोलत असणार," आई म्हणायची.

एकदा डोक्यात उवा झाल्या म्हणून त्याने चकोट करून घेतला. दुसऱ्या दिवशी म्हातारीने ते गुळगुळीत डोकं पाहिलं आणि ती इतकी हसली, इतकी हसली, की हसता हसता पाण्यातच बसली. धाकटा ते करून दाखवायचा. मांडीवर थाप, मान एका बाजूला कललेली, आणि घशातून निघणारं खुदखुदणं. आई पदर तोंडाला लावून हसायची. थोरलीही. "हे घेऊ का रे एखाद्या भागात?" असं तिने विचारलं की तो लगेच गंभीर व्हायचा. "नाही हं ताई. त्यांचं त्यांच्याकडे राहू दे." तीही मग तो विषय सोडून द्यायची.

अशी वर्षं गेली. मग त्या वर्षी धाकट्याचा जोडीदार रजेवरून परतला तो नाक ओढतच. दोनेक दिवसांत सामान आणायला म्हणून तो गाडी घेऊन गेला आणि तिकडेच तापाने झोपला. गाडी नाही, बदली माणूस नाही. चौकीतल्या वायरलेसने नेमकी त्याच वेळी मान टाकली. आणि धाकट्याला ताप भरला.

तो चौकीच्या ओट्यावर पडून होता. आत जायचं त्राण नव्हतं. पाण्याचं पिंप हाताच्या अंतरावर होतं, पण हातच उचलत नव्हता. सकाळी म्हातारी पाण्याला आली असणार, तिने मूठ उगारली असणार, आणि समोरून नेहमीसारखा सलाम आला नसेल. दुसऱ्या दिवशीही आला नसेल.

मग ती माणसं आली. ओंडके बांधून नदी ओलांडून आली. म्हातारी, लंगडी, आणि मागे एक पुरुष.

त्यानंतर काय झालं हे धाकट्याने घरी आल्यावर पुष्कळ दिवस कुणालाच सांगितलं नाही. खात्याने त्याला बेमुदत रजेवर पाठवला तेव्हा तो ओळखू येत नव्हता. आईने त्याच्या आवडीचं करून घालावं आणि त्याने दोन घास खाऊन ताट सरकवावं. "काय झालं रे बाळू?" म्हटलं की "काही नाही" म्हणायचा. थोरलीने खात्यात फोन केला, तर साहेब म्हणाले, "तिकडे साथ आली होती. वाईट झालं." एवढंच.

एका दुपारी आई डोळा लागून पडली होती. थोरली स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. धाकटा येऊन समोर बसला, एक शेंग उचलली, सोलली, आणि दाणे तसेच हातात ठेवून बोलायला लागला.

"मी ओरडलो त्यांच्यावर, ताई. जा म्हटलं, परत जा, मरायला आलात का! हातात येईल ते फेकलं. पेला फेकला, चप्पल फेकली. त्यांना काय कळणार? म्हातारी हसली. तशीच, मान वाकडी करून. तापाने फणफणलेलं माणूस बरळतंय असं वाटलं असेल तिला. तिने माझं डोकं मांडीवर घेतलं. कसलासा पाला चावला आणि तो माझ्या तोंडात भरवला. स्वतःच्या तोंडातला, ताई."

थोरलीने मटारची परात बाजूला सरकवली.

"मी बरा होईपर्यंत ती थांबली. मी उठून बसलो तेव्हा तिने पुन्हा मूठ उगारली, चांगलं झापलं, आणि गेली. जाताना खोकत होती."

पुढचं त्याने तुटक तुटक सांगितलं. तो पायी चालत डांबरी रस्त्याला लागला, खात्याला कळवलं. डॉक्टरबाई आल्या, होडी आली, औषधं आली. पण पलीकडे जायला मनाई होती. ती मनाई उठवायला वरून हुकूम हवा होता, आणि वर वाद चालला होता. एक जण म्हणे, जाऊन वाचवा. दुसरा म्हणे, एवढी माणसं घुसवली तर उरलेलेही मरतील. दोघांचंही खोटं नव्हतं. धाकटा अलीकडच्या काठावर उभा राहून पलीकडचे धूर बघत होता. धूर एकेक करून कमी होत गेले. त्याला स्वतःला होडीत पाय ठेवायची बंदी होती, आणि त्याने ती पाळली.

"शेवटी हुकूम आला, डॉक्टरबाई गेल्या. परत आल्या तेव्हा ओट्यावर बसून नुसत्याच हातमोजे काढत राहिल्या. म्हणाल्या, काही जण आत जंगलात निघून गेलेत, पावलं दिसतायत. बाकीचे तिथेच आहेत. एक म्हातारी पाण्याजवळ आहे. तिच्या पायाशी एक लंगडी."

"तुझा काय दोष रे त्यात?" थोरली म्हणाली.

धाकटा मग पहिल्यांदाच तिच्याकडे बघून बोलला. "दोषाचं जाऊ दे. तुझ्या मालिकेत बघ ना. त्यांना हात लावायचा की नाही, मदत करायची की नाही, सगळं आपणच ठरवतो. वर बसून. त्यांनाही आपली दया येईल, ती आपण होऊन नदी ओलांडतील, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. नियम करणाऱ्यांच्या नाही, तुझ्या नाही, माझ्या नाही."

थोरलीला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. एवढी भाषणं, एवढ्या टाळ्या!

नंतर बरेच दिवस ते वाक्य तिला सोडेना. शेवटी तिने धीर करून विचारलं, "बाळू, हे लिहू का? तुझं नाव नाही, नदी नाही. दुसरा ग्रह. पण हेच."

तिला वाटलं तो चिडेल. तो चिडला नाही. "लिही," म्हणाला. "तिला ओळखणारं तिकडे कुणी उरलं असेल-नसेल. इकडे मी एकटा. पण म्हातारी हसताना दाखव. आणि शेवट बदलायचा नाही. ती मेली, ताई. ती मेलीच पाहिजे, नाहीतर तिने काय केलं ते कुणाला कळणार नाही."

"नाही बदलणार," थोरली म्हणाली.

तिने जीव ओतून लिहिलं. यानातला एक टेहळ्या ग्रहावर आजारी पडतो, आणि ज्यांना दुरून बघायचं तीच माणसं त्याच्या मदतीला येतात. म्हातारीच्या भूमिकेला रंगभूमीवर हयात घालवलेल्या एक बाई मिळाल्या. थोरलीने त्यांना हसणं करून दाखवलं, धाकट्याने करून दाखवलेलं. मांडीवर थाप, मान कललेली, घशातलं खुदखुदणं. बाईंनी दोनदा करून पाहिलं आणि तिसऱ्यांदा अशा हसल्या की सेटवरच्या दिवेवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. अंगावर काटा यावा असं काम केलं त्या बाईंनी.

मग चॅनेलच्या बाईंनी तो भाग पाहिला.

"सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "पण म्हातारी मरते."

"हो."

"अहो, लोक जेवताना बघतात. हातात घास असतो. आणि म्हातारी मरायचीच असेल तर मग कॅप्टन कशाला आहे आपल्याकडे? तिला औषध घेऊन उतरवा ना खाली."

थोरली भांडली. निर्मात्याने आधी तिची बाजू घेतली, मग पायाच्या अंगठ्याने गालिचा उकरत बसला, मग म्हणाला, "हे बघा, तुम्ही नाही लिहिलंत तर दुसऱ्याकडून लिहून घेतील. तो हसण्याचा प्रसंगही कापेल. तुमच्या हातात असलेलं बरं."

पटण्यासारखंच होतं ते. थोरली घरी आली, बसली, आणि तिने स्वतःच्या हाताने म्हातारीला जिवंत केलं. कॅप्टन नियम मोडून खाली उतरते, सुई टोचते, म्हातारी डोळे उघडते आणि कॅप्टनकडे बघून हसते. नदी ओलांडून आलेली म्हातारी शेवटी वर बसणाऱ्यांच्याच दयेवर जगली. लिहिताना तिला हे कळत होतं. भावाला सांगायचं म्हणून ती रोज सकाळी उठायची, आणि तो चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसलेला दिसला की तिच्या तोंडून शब्द फुटायचा नाही.

तो भाग लागणार होता त्या संध्याकाळी आईने शेजारच्या काकूंना आणि त्यांच्या सुनेला बोलावलं होतं. "आमच्या बाळूची गोष्ट आहे," आई कौतुकाने म्हणाली. तिला अर्धंमुर्धंच ठाऊक होतं. धाकटा जमिनीवर भिंतीला टेकून बसला. पडद्यावर म्हातारीने मूठ उगारली तेव्हा तो जरासा पुढे सरकला. ती टेहळ्याचं डोकं मांडीवर घेऊन हसली तेव्हा त्याने श्वास रोखून धरला. थोरली पडद्याकडे बघतच नव्हती, त्याच्याकडे बघत होती.

मग कॅप्टन उतरली. सुई टोचली. म्हातारीने डोळे उघडले.

काकूंनी टाळी वाजवली. "वाचली गं बाई!" सून डोळे पुसू लागली. आई म्हणाली, "देवच पावला."

सगळे गेल्यावर थोरली धाकट्याजवळ बसली. "मी सांगणार होते तुला. त्यांनी मला..."

"असू दे," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता; असता तर तिला बरं वाटलं असतं. "तिने डोळे उघडलेले बघून मला क्षणभर आनंदच झाला, ताई. खरंच."

दुसऱ्या दिवशी तो स्वयंपाकघरात आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ताई, म्हातारीच्या हनुवटीवर काय होतं? मी तुला सांगितलं होतं का?"

"नाही रे. का?"

"काहीतरी होतं. तीळ होता की व्रण होता." त्याने डोळे घट्ट मिटले. "मी डोळे मिटले की ती दुसरीच दिसते. तुमची, नाटकातली. हसायला लागली की तीच हसते. मी मागे लोटतो, पुन्हा तीच येते."

"थोडे दिवस जाऊ देत. येईल आठवून."

"फोटो नाही तिचा. काढायचा नव्हताच. कुठेच नाहीये ती, ताई. माझ्या डोक्यात होती फक्त."

थोरलीने त्याचा हात धरला. तिला रडू आवरेना, आणि तो मात्र कोरड्या डोळ्यांनी बसून राहिला. नाक कसं होतं, धारदार होतं की बसकं, भुवया होत्या की नव्हत्या, एकेक आठवायचा प्रयत्न करत, जिभेवर आलेला शब्द हुकावा तसं प्रत्येक वेळी हुकत.

तो भाग चॅनेलवर अतोनात गाजला. लोकांनी तो पुन्हा पुन्हा मागितला आणि चॅनेलने पुन्हा पुन्हा दाखवला. चौकातल्या मोठ्या फलकावर म्हातारीचा हसरा चेहरा लागला, बसच्या पाठीवर लागला. धाकटा घराबाहेर पडेनासा झाला. थोरलीने चॅनेलच्या बाईंना फोन करून विनवलं, निदान चौकातला तरी काढा. बाईंना वाटलं ती विनयाने म्हणतेय. "अहो, तुमचंच तर यश आहे!" त्या म्हणाल्या. थोरलीने मालिका सोडली. तिच्या जागी दुसरा लेखक आला, यान पुढच्या ग्रहावर गेलं, आणि कुणाला फारसा फरक जाणवला नाही.

काही महिन्यांनी खात्याकडून बोलावणं आलं. नवी चौकी झाली होती. खात्याने विचारपूर्वक ती नदीपासून आत, टेकडीच्या अलीकडे बांधली होती. तिथून पलीकडचा काठ दिसत नव्हता, आणि पलीकडून चौकी दिसत नव्हती. रक्षक आजारी पडला तर ते कुणाच्या नजरेस पडू नये, असा त्यात हेतू होता. धाकट्याने जातो म्हणून कळवलं.

"कशाला जातोस रे?" आईने विचारलं. "तिथे तर आता काही दिसतही नाही म्हणे."

"म्हणूनच जातो," तो म्हणाला. आईला ते कळलं नाही.

थोरली त्याला पोचवायला बसस्टँडवर गेली. सकाळची गर्दी होती. त्याने बॅग वर टाकली आणि खिडकीशी बसला. ती खाली उभी राहून त्याच्याकडे बघत होती.

"ताप आला तर आत पडायचं," ती म्हणाली. "ओट्यावर नाही."

"दार लावून घेईन," तो म्हणाला.

"आणि कुणी आलंच तर?"

"दार लावलेलं असेल ना," तो म्हणाला. "मग त्यांना कळणारच नाही कुणी आजारी आहे म्हणून. निघून जातील."

बस हलली. थोरली दोनचार पावलं खिडकीबरोबर चालली, मग मधे दुसरी बस आली आणि तिला थांबावं लागलं.

ती घरी पोचली तेव्हा आई दारातच उभी होती.

"गेला?"

"गेला."

"खाऊन गेला ना नीट?"

"हो," थोरली म्हणाली, आणि चपला काढायला खाली वाकली ती तशीच उंबऱ्यात बसून राहिली.